बांबूच्या कांडकीवरची मोजणी

नाशिक

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

देहरादूनला पोहोचल्याचा तुझा फोन आला, पण जे सांगायचे होते ते राहून गेले, म्हणून हे पत्र. ज्या गावी तू वनशास्त्र शिकायला गेली आहेस, तिथली वनशाळा १८७८ साली डिट्रिश ब्रँडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ते मूळचे जर्मनीतील बॉनचे, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांचा कारभार त्यांच्याकडे आला आणि १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

पेगूला लाकडाची तोड जोरात चालू होती. पण जंगलात साग आहे तरी किती, आणि किती काढला तर रान टिकेल, हे सांगायला आकडा हवा होता. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगल आडवे पार करीत. एका हातात बांबूच्या कांडक्या, घेराच्या प्रत्येक वर्गासाठी एक, आणि दुसऱ्या हातात चाकू. साग दिसला, की त्याच्या घेराच्या कांडकीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजल्या, की त्या पट्ट्यात लहान किती, मोठे किती ते कळे आणि त्यावरून साऱ्या रानाचा अंदाज बांधता येई.

याचे मोल मला पेठ तालुक्यात कळले. वनखात्यातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पायवाटेलगतची झाडे मोजून तक्ता भरला आणि या रानात साग उरलेला नाही, असा शेरा लिहिला. आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या वनमजुराने काही न बोलता मला नाला ओलांडून पलीकडच्या चढावर नेले. तिथे कवेत न मावणारे साग उभे होते. वाटेजवळचे झाड आधी तुटते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तो तक्ता मी फाडला आणि पुन्हा मोजणी केली, या वेळी काटेकुटे न टाळता, सरळ रेषेत.

मात्र ब्रँडिस नुसते मोजणारे असते, तर त्यांच्याबद्दल मी इतके लिहिले नसते. सागाच्या रोपाला भरपूर ऊन लागते, दाट सावलीत ते खुरटते, हे ते जाणत होते; म्हणून त्यांनी ब्रह्मदेशातल्या करेन या डोंगरी जमातीच्या शेतकऱ्यांच्या डोंगरउतारावरील भातशेतातच साग लावून घेतला. ‘इंडियन ट्रीज’ हा त्यांचा ग्रंथ १९०६ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. सागाचे कोवळे पान चोळले की बोटे लाल होतात, हे तुला लहानपणी हरसूलच्या वाटेवर दाखवले होते. तशी ओळख तिथल्या प्रत्येक झाडाशी करून घे.

एक गोष्ट मला आजही खुपते. गावांना स्वतःची राने असावीत, असे ब्रँडिस यांचे मत होते. पण १८७८च्या वनकायद्यात सरकारी हक्कच वरचढ ठरला. आपल्याकडच्या कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबांना जळणासाठीसुद्धा आमच्यासारख्यांपुढे उभे राहावे लागले, ते मी पाहिले आहे. तू त्यांच्याशी बसून बोल, झाडांची नावे त्यांनाच विचार.

तिकडे सालवृक्ष आहे, आपल्याकडे तो नाही. त्याचे एक पंखांचे फळ जपून ठेव. आणि पहिल्या मोजणीत रेषा कुठून कुठे धरलीस, ते नकाशावर काढून मला पाठव.

तुझे,
बाबा