गुणफलकाजवळच्या मुलाच्या वतीने आभार

आदरणीय प्रशिक्षक महोदया,
सादर नमस्कार.

आपण दोन दिवस आमच्या शाळेत येऊन सहावी-सातवीच्या मुलांना अनुकूलित खेळ, म्हणजे अपंग व्यक्तींनाही खेळता यावेत असे खेळ, शिकवलेत, त्याबद्दल शाळेचे रीतसर पत्र आपल्याला मिळालेच असेल. हे पत्र क्रीडाशिक्षक म्हणून माझे आहे. त्यात माझ्या एका चुकीचा उल्लेख असल्यामुळे ते जाहीरपणे लिहिणे मला योग्य वाटले.

आपल्याला बोलावताना माझ्या मनात होते, की मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणजे अंधत्व काय असते ते त्यांना कळेल. आपण ही कल्पना सौम्यपणे पण ठामपणे बाजूला सारलीत. अर्धा तास पट्टी बांधलेल्या मुलाला कळते ते फक्त भांबावणे. ज्याने वर्षानुवर्षे कानांनी आणि बोटांनी वावरण्याचे कसब कमावले आहे, त्याचे जगणे त्यातून कळत नाही, असे आपण म्हणालात. मग पट्टी बांधली गेली ती गोलबॉलचा, म्हणजे घुंगरांच्या चेंडूचा आवाज ऐकून खेळायच्या खेळाचा, नियम म्हणून. हा खेळ १९४६ मध्ये महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी निघाला आणि कोणाला थोडे दिसते, कोणाला मुळीच नाही, हा फरक मिटावा म्हणून त्यात सगळेच खेळाडू डोळे झाकतात, हे आपण सांगितलेत. आपण जमिनीवर सुतळी ताणून तिच्यावर चिकटपट्टी लावलीत, तेव्हा तो उंचवटा बोटांनी चाचपत मुलांनी आपापली जागा शोधली. एरवी ज्या वर्गाला गप्प करताना माझा घसा बसतो, तो वर्ग चेंडूतल्या घुंगरांचा आवाज ऐकू यावा म्हणून श्वास रोखून बसला होता. (ती शांतता मला पुन्हा साधलेली नाही.)

दुसऱ्या दिवशीच्या बैठ्या व्हॉलीबॉलने तर वर्गातली नेहमीची उतरंडच विस्कटली. जाळी जेमतेम एक मीटरच्या आसपास, मैदान दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, आणि चेंडू मारताना धडाचा काही भाग जमिनीला टेकलेला हवा. उंच उडी मारणारे माझे पटाईत खेळाडू चेंडू दिसताच बूड उचलत आणि बाद ठरत.

तेव्हाच आपण विचारलेत, "रोज गुण कोण लिहितो?" पायाला आधार देणारे कॅलिपर घालणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. गेली दोन वर्षे खेळाच्या तासाला मी त्याला 'सूट' देऊन फलकाजवळ बसवत आलो होतो आणि त्यालाच काळजी समजत होतो. त्याला काय हवे आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. आपण मला काहीच बोलला नाहीत. त्याला कॅलिपर काढायचे आहेत का, एवढे विचारून मैदानात जागा करून दिलीत. हातांवर सरकण्याचा त्याचा वेग पाहून समोरचा संघ गडबडला. पुढे त्यालाही बूड उचलल्याबद्दल बाद दिले गेले, तेव्हा तो पंचाशी तावातावाने भांडला. त्याचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकत होतो.

आता आठवड्यातून एक तास आम्ही बसूनच खेळतो. फलक सगळ्यांनी पाळीपाळीने सांभाळायचा असे ठरले आहे. मागच्या शनिवारी पाळी माझी होती आणि दोन गुण चुकीचे लिहिल्याबद्दल त्यानेच मला टोकले.

आपला कृतज्ञ,
एक क्रीडाशिक्षक