कार्ड खराब नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

बाबांच्या आवाजातली सगळी ध्वनिमुद्रणं नव्या लॅपटॉपवर उतरवून झाली. समोर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरात विंडोज ९८ चा संगणक जपून ठेवणारी माझ्यासारखी आणखी माणसं आहेत. तुम्ही मला दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

बाबांनी ज्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग केलं तो त्याच मशीनवर चालतो. ऐकायचं, निवडायचं, साध्या वेव्ह फायलीत बदलायचं आणि मगच पुढे पाठवायचं, असं काम होतं. त्यासाठी साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड दोन्ही एकाच वेळी चालायला हवी होती. नेटवर्क कार्ड बसवलं आणि बाबांचा आवाज अडखळला. शब्दाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही आणि मशीन तिथेच गोठे. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर एकच: साउंड कार्ड गेलं, नाहीतर फॉरमॅट मारा.

तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कागद मागितलात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या भागांच्या यादीत, सगळ्यात वरच्या ‘कॉम्प्युटर’ या नावावर दोनदा क्लिक करायला लावून आयआरक्यूची, म्हणजे संगणकाचे भाग ज्या क्रमांकाच्या ओळींवरून प्रोसेसरला हाक मारतात त्यांची, पूर्ण यादी माझ्याकडून लिहून घेतलीत. ० ते १५, एकूण सोळा. ० घड्याळाचा, १ कीबोर्डचा, २ या हाका सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंट्रोलरला जोडण्यात खर्च झालेला, ६ फ्लॉपीचा, १३ गणिती प्रोसेसरचा, १४ आणि १५ हार्ड डिस्क व सीडी ड्राइव्हचे. सोळांपैकी आपल्या वाट्याला किती थोडे उरतात हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. साउंड कार्ड ५ वर होतं आणि नेटवर्क कार्डानेही ५ च धरला होता.

दारावरची एकच बेल दोन घरांना लावली तर कोणाकडे पाहुणे आलेत ते कसं कळणार, असं तुम्ही म्हणालात आणि आवाजाचं कोडंही तिथेच उलगडलंत. साउंड कार्ड मेमरीतला एक तुकडा वाजवतं आणि पुढचा भरून द्या म्हणून प्रोसेसरला हाक मारतं. ती हाक पोहोचली नाही तर हाती असलेला तुकडाच ते वाजवत बसतं. म्हणजे कार्ड आपलं काम चोख करत होतं. पीसीआय या नव्या जोडणीची कार्डं एक आयआरक्यू वाटून घेऊ शकतात, जुन्या आयएसए जोडणीच्या कार्डांना सहसा ते जमत नाही, आणि माझी दोन्ही कार्डं आयएसए होती. फॉरमॅटने काहीच साधलं नसतं, कारण आयआरक्यूची निवड कार्डावरच्या जंपरमध्ये, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीत, होती. डिस्क कोरी झाली तरी जंपर जागचा हलत नाही. बाबांची रेकॉर्डिंग मात्र गेली असती. काका, या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

पुढचं काम तुम्ही माझ्याच हातून करवून घेतलंत. वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, नेटवर्क कार्डाचा जंपर ५ वरून १० वर. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, १० हा आयआरक्यू आयएसए कार्डासाठी राखून ठेवला, म्हणजे एखादं पीसीआय कार्ड तो परस्पर उचलणार नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या भागांवर सुरू केल्यावर, त्याच नेटवर्क कार्डाच्या जुन्या नोंदी निघाल्या, एरवी न दिसणाऱ्या. त्या पुसल्या. पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधलं, कार्डाची अडचण दाखवणारं पिवळं उद्गारचिन्ह गेलेलं होतं.

माउस अधूनमधून अडकतो, हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. तुम्हीच कागदावर बोट ठेवलंत: माउस कॉम १ या सीरियल पोर्टवर, आत पडून असलेला मोडेम कॉम ३ वर, आणि ठरलेल्या मांडणीत या दोघांचा आयआरक्यू ४. फॅक्सचा जुना प्रोग्रॅम मोडेम उघडायचा आणि माउस बंद पडायचा. मोडेम हवा असता तर बायोसमध्ये दुसरा सीरियल पोर्ट बंद करून त्याला कॉम २ आणि आयआरक्यू ३ देता आला असता, हेही तुम्ही समजावलंत. मला तो नको होता, म्हणून काढून टाकला.

एका वेळी एकच बदल, तोही लिहून ठेवून, आणि पुन्हा सुरू करून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. ही तुमची शिस्त मला आधी फार संथ वाटली होती. आता वाटतं, बिघडलेल्या वस्तूशी वागायची हीच सभ्य रीत आहे. घाईघाईने सगळी कार्डं उपसली असती तर कशामुळे काय सुधारलं हे कळलंच नसतं, आणि चांगलं साउंड कार्ड भंगारात गेलं असतं.

तो आयआरक्यूचा तक्ता आता कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलाय, साउंड कार्डाचा पत्ता २२० आणि डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून आवाज उचलायची वाट) १ यांच्यासकट. पुढच्या महिन्यात बाबांचा जुना स्कॅनर जोडायचा आहे. त्याचं स्वतंत्र कार्ड आहे, तेही आयएसए. तक्त्यात ११ मोकळा दिसतोय. कार्डावर ती सोय आहे का ते पाहते आणि मगच तुम्हाला फोन करते.

तुमची कृतज्ञ,
शेजारची लेक