टॅक्सचं ठीक आहे हो, पण सुरमईचं काय?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

परमिट रूमवाल्यांच्या अडचणी पेपरात अधूनमधून वाचते. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस शटर खाली ओढलं होतं तेव्हापासून जरा जास्तच. त्यांचं म्हणणं खोटं नाहीये, व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला, लायसन्स फी वाढली, मग जून २०२५ मध्ये भारतात बनणाऱ्या विदेशी दारूवरची ड्यूटी उत्पादन खर्चाच्या तिप्पट होती ती साडेचारपट केली, मग गिऱ्हाईक वाइन शॉपमधून बाटली घेऊन घरी नाहीतर गाडीत बसून पितं आणि आमचे टेबल रिकामे राहतात असं ते सांगतात. सगळं मान्य. पण गेली १८ वर्षं एकाच बारमध्ये जेवायला जाणारी बाई म्हणून मला एक सांगायचंय, आमच्यासारखी माणसं टॅक्समुळे नाही उठून गेली. मुळात आम्ही बिअर पितो आणि बिअरवर ती जूनची वाढ नव्हतीच.

आधी सांगते की मी बाई आहे, पंचावन्न ओलांडलेली, बँकेतून रिटायर झालेली, आणि रविवारी संध्याकाळी नवऱ्याबरोबर बसून बिअर अर्धी अर्धी घेते. आता हे वाचून काही लोकांच्या भुवया वर जातील, जाऊ देत. आमच्या ह्यांच्या पाकिटात १००० रुपये भरून काढलेला आयुष्यभराचा दारूचा परवाना आहे, तो आजवर कुणी बघायला मागितला नाही याचं त्यांना फार वाईट वाटतं.

जागेचं नाव देत नाही. नाशिकमध्येच आहे, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, खाली परमिट रूम आणि वर फॅमिली एसी. असली जागा प्रत्येक गावात आहे त्यामुळे वाचणाऱ्याला आपलीच वाटेल. पाटीवर फॅमिली रेस्टॉरंट अँड बार, आत काचेच्या फिशटँकमध्ये एक म्हातारा मासा, भिंतीवर टीव्ही आवाज बंद करून चालू, आणि काउंटरवर बडीशेपेची वाटी जिच्यात चमचा कधीच नसतो.

आम्ही तिथे का जातो तर काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी काय सांगू, मसाला वाटलेला, भाजलेल्या खोबऱ्याचा वास जिन्यातच येतो, रस्सा पातळ पण अंगाला धरणारा, तरी वर वेगळी, भाकरी तव्यावरून थेट ताटात आणि मधोमध फुगलेली. अशा वेळी मी घरी मटण करणं सोडून द्यावं असं वाटतं. आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी त्याच नावाचा, त्याच किमतीचा, त्याच वाटीत लाल ग्रेव्हीवर काळा रंग दिलेला प्रकार येतो, मटण रबरासारखं, भाकरीऐवजी तंदुरी रोटी जी पहिल्या दोन मिनिटांत खाल्ली नाही तर चामडं. एकाच महिन्यात हे दोन्ही खाल्लंय आम्ही. एकाच टेबलावर.

असं का होतं ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मग खालचे एक जुने वेटर आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांच्याशी बोलता बोलता हळूहळू कळलं. भाकरी करायला एक मावशी येतात. त्या जवळच्याच वस्तीतल्या, संध्याकाळी सहाला येतात आणि साडेनऊला जातात कारण घरी जाऊन परत स्वयंपाक आहे. वाटणही त्याच करतात. म्हणजे साडेनऊच्या आधी गेलात तर मटण मटणासारखं आणि नंतर गेलात तर पंजाबी ग्रेव्हीत बुडवलेलं. त्यांना बरं नसलं, लग्नकार्य असलं, की त्या दिवशी मेनूकार्डावरचं अर्धं पान खोटं. भट्टीवरचा माणूस बिहारचा, तो छठपूजेला गावी जातो तेव्हा तंदूर बंद, जायलाच पाहिजे हो त्याने, वर्षभर त्या आगीसमोर उभं राहणाऱ्याला सणाला घर नको का. चायनीजवाला पोरगा नेपाळचा आणि तो मात्र खरंच हुशार, त्याचं चिकन क्रिस्पी कधीही मागवा तसंच येतं, पण तो दर सहा महिन्यांनी बदलतो कारण शेजारचा कुणीतरी २००० रुपये जास्त देतो आणि घेऊन जातो.

माझं भांडण या माणसांशी नाहीये. माझं भांडण आहे ते न सांगण्याशी. कॅप्टन टेबलाशी येतो, पॅड हातात, आपण म्हणतो मटण काळा मसाला दोन, तो लिहून घेतो. भाकरी आहे का? आहे ना मॅडम. पाऊण तासाने रोटी येते. अहो भाकरी सांगितली होती, तर म्हणे भाकरी संपली मॅडम. संपली कधी? आधीच संपली होती. मग आहे का म्हटलंस बाबा! यावर तो हसतो आणि निघून जातो. मला जर आधी सांगितलं असतं की मावशी नाहीयेत तर मी डाळ-भात मागवला असता, आनंदाने, त्यांचा डाळ तडका चांगला असतो.

सुरमईचं तर विचारूच नका. जून-जुलै दोन महिने आपल्याकडे मासेमारी बंदी असते, समुद्रावर ट्रॉलर नसतात, हे कोकणातलं माहेर असल्यामुळे मला लहानपणापासून माहितीये. जुलैच्या एका रविवारी मी मुद्दाम विचारलं, सुरमई फ्रेश आहे का? कॅप्टन म्हणाला एकदम फ्रेश मॅडम, आजच आली. कुठून आली रे, पोहत आली का गोदावरीतून? आली ती फ्रीझरमधली, बाहेर रवा करपलेला आणि आत मधोमध अजून गार. फ्रोझन मासा वाईट नसतो, नीट वितळवून केला तर मी आवडीने खाते, पण फ्रोझन आहे म्हणून सांगा की. ४२० रुपये घेता. (आकडा मी बनवलेला नाही, बिलावर आहे.)

वर आणि खाली हा आणखी एक प्रकार. खाली परमिट रूममध्ये सर्व्हिस अशी की ग्लास रिकामा व्हायच्या आत सोडा येतो, शेंगदाणे न मागता, काकडी-टोमॅटो-बीट न मागता, चकली परत परत. वर फॅमिलीत बसलं की पाण्याचा जग मागायला बेल नाही, आवाज नाही, शेवटी आमचे हे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून खाली हाक मारतात. एसीचे रेट वेगळे, जास्तीचे, आणि मिळतं कमी. मामांनी एकदा सरळ सांगितलं, ताई खाली चार माणसं दोन तास बसतात, उठताना १०० ठेवतात, वर पाच माणसं पोरासोरांसह बसतात, तीन खुर्च्या चिकट करतात आणि १० ठेवतात, मग पोरगं वर कशाला चढेल. बरोबरच बोलले ते. त्यात किचन खाली, म्हणजे प्रत्येक ताट वीस पायऱ्या चढून वर येणार आणि ते येईपर्यंत पापड मऊ.

आता नवीन भानगड पार्सलची. पूर्वी उशीर झाला तर कळायचं की गर्दी आहे. आता हॉलमध्ये सहा टेबलं, चार रिकामी, तरी चाळीस मिनिटं काही येत नाही आणि काउंटरपाशी लाल आणि केशरी टीशर्टवाली सात-आठ मुलं मोबाइल धरून उभी. किचन त्यांचं आधी करतं कारण तिथे मिनिटं मोजली जातात, उशीर झाला तर रेटिंग जातं. आमचं रेटिंग कोण देणार, आम्ही तर समोर बसलोय, जाणार कुठे. त्या मुलांचा पण दोष नाही, एकजण पावसात भिजून उभा होता तर मी त्याला टिश्यू दिले.

आणि बाई म्हणून एक खास अनुभव. दरवेळी. बिअर आली की वेटर बाटली ह्यांच्यासमोर ठेवतो, एक ग्लास भरतो आणि माझ्याकडे वळून विचारतो, मॅडम फ्रेश लाइम? १८ वर्षं! नवीन वेटर असला तर समजू शकते पण जुना पण तेच. एकदा म्हटलं आज वाइन घेऊन बघू, आपण द्राक्षाच्या गावात राहतो, गंगापूर धरणाच्या बाजूला गाडीने अर्ध्या तासात चांगल्या वायनरी आहेत, लोक मुंबई-पुण्याहून येतात त्यासाठी. तर रेड वाइन आली ती पाण्याच्या ग्लासात बर्फ टाकून, बाटली कधी उघडली होती देव जाणे, लोणच्यात घालायच्या व्हिनेगरसारखी आंबट. परत पाठवली तर काउंटरवरून निरोप, वाइन अशीच असते. नाशिकमध्ये, संपादक साहेब. नाशिकमध्ये मला सांगतात वाइन अशीच असते.

आता बिल. त्या सुरमईच्या दिवशीचं समोर ठेवून लिहितेय, मसाला पापड ७०, चिकन क्रिस्पी ३१०, सुरमई ४२०, डाळ २१०, जिरा राइस १७०, म्हणजे खाणं ११८०, त्यावर जीएसटी ५ टक्के ५९ रुपये. दोन बिअर ६४०, त्यावर व्हॅट ६४. इथपर्यंत काही म्हणणं नाही, सरकारचे पैसे सरकारला. पण खाली छोट्या अक्षरात सर्व्हिस चार्ज ५ टक्के, ९१ रुपये. एकूण २०३४. मी बँकेत आयुष्य काढलंय, बिल वाचल्याशिवाय पैसे देत नाही. मी कॅप्टनला म्हटलं हे ९१ काढ. तो म्हणाला सिस्टीममधून येतं मॅडम, निघत नाही. बरं, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने पण नाही, आणि हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले तर दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला तेच कायम ठेवलं. द्यायचा की नाही ते गिऱ्हाईकाने ठरवायचं. हे मी सांगितलं, १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे ते पण सांगितलं, तेव्हा सिस्टीममधून निघालं. पेनाने खोडून निघालं.

आमचे हे म्हणाले अगं ९१ रुपयांसाठी कशाला. पैशाचा प्रश्नच नव्हता, मी ते ९१ आणि वर ९ घालून १०० रुपये खाली जाऊन मामांच्या हातात दिले आणि विचारलं, हा जो चार्ज लावतात तो तुम्हाला मिळतो का? ते काही बोलले नाहीत, नुसतं काउंटरकडे बघितलं. मग विचारलं, आणि मावशींना? तर म्हणाले ताई, त्या तर किचनच्या पण नाहीत, रोजावर आहेत.

म्हणजे बघा, ज्या बाईच्या हातामुळे आमच्यासारखे दहा-पंधरा कुटुंबं त्या हॉटेलात टिकून आहेत ती त्यांच्या हिशोबात कर्मचारीच नाही. तिला महिन्याचा पगार द्या, चार पैसे वाढवून द्या, दुसरी एखादी तिच्या हाताखाली तयार करा, म्हणजे ती नसली तरी मटण मटण राहील. यात कुठला टॅक्स आडवा येतो ते मला शेठनी समजवावं. आणि ते जमत नसेल तर निदान जिन्याखाली एक पाटी लावा, आज भाकरी नाही, आज तंदूर बंद, आज मासा फ्रीझरचा. खडूने लिहिली तरी चालेल. मुंबईतले जुने इराणी कॅफेवाले कितीतरी सूचना भिंतीवर लावायचे, गिऱ्हाईकाला हे करू नका ते करू नका, तरी लोक प्रेमाने जायचे, कारण तिथे चहा आणि ब्रुन मस्का रोज तोच असायचा.

शेजारच्या नवीन बाजूला दोन पब उघडलेत, तिथे पण गेलो होतो मुलगा आला होता तेव्हा, अंधार, आवाज एवढा की वेटरशी खुणेने बोलायचं, मेनू मोबाइलवर स्कॅन करून बघायचा, आणि नाचोज ४५० ला. जेवण धड वाईट नाही धड चांगलं नाही. वेटर पोरगी मात्र गोड होती, तिने बिअरचा ग्लास न विचारता माझ्यासमोर ठेवला. तेवढ्यासाठी मी तिला जास्त टिप दिली. पण परत जावंसं काही वाटलं नाही, मटण नाही तिथे.

तर बारवाल्यांनी संप जरूर करावा, व्हॅट कमी झाला तर आमचेही ३२ रुपये वाचतील. हे पत्र लिहीत असतानाच ह्यांनी आजच्या रविवारसाठी तिकडे फोन लावलाय, स्पीकरवर आहे. हे विचारतायत, मावशी आल्यात का आज? पलीकडून उत्तर आलं, या ना साहेब, सगळं आहे.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक