नदी मारा, पावती फाडा!

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री यांस,
स. न. वि. वि.

पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की आमच्या शिरोळ तालुक्यात पुढचे सगळे ठरलेले असते. पाण्याचे नमुने, पंचनामा, नोटीस. मग पुढचा खच पडेपर्यंत शांतता. तेच पाणी खाली नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि भाविक त्यात श्रद्धेने बुडी मारतात.

भोपाळमध्ये हजारो माणसे मेल्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. अनेक कायद्यांतल्या शिक्षा सौम्य करणाऱ्या २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. कैद उरली ती हा दंड थकवणाऱ्याला. म्हणजे तुरुंग विष सोडल्याबद्दल नाही, पावती न फाडल्याबद्दल! साध्या चोरीलासुद्धा भारतीय न्याय संहितेत ३ वर्षांपर्यंत कैद आहे. २०२४ च्या दुरुस्तीने पाण्याचे प्रदूषण रोखणारा जल कायदाही याच वाटेने नेला. ती स्वीकारायची की नाही, हे बहुतेक राज्यांवर सोडले.

कागदपत्रे उशिरा दिली म्हणून लहान कारखानदाराला आत टाकू नये, हे मान्य. जुन्या कलमाखाली फारसे कुणी आत गेले नाही, हेही खरे. पण तपास ढिला म्हणून कलमच काढायचे, हा कुठला न्याय?

इतरत्र वारे उलटे आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये आणि बेल्जियमने २०२४ मध्ये इकोसाइड, म्हणजे पर्यावरणाचा संहार, आपापल्या कायद्यात गुन्हा म्हणून आणला. समुद्र दारात आलेल्या वानुआतू, फिजी आणि सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशांनी तो गुन्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत घ्यावा, असा प्रस्ताव २०२४ मध्ये मांडला. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही. तेव्हा आपल्याला जे करायचे ते संसदेतच करावे लागेल.

इकोसाइडला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचा मसुदा कोऱ्या कागदावरून सुरू करायची गरज नाही. २०२१ मध्ये कायदेतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने व्याख्या दिलेली आहे: नुकसान गंभीर हवे, शिवाय दूरवर पसरणारे किंवा दीर्घकाळ टिकणारे हवे आणि ते होण्याची दाट शक्यता करणाऱ्याला ठाऊक हवी. या चाळणीतून किरकोळ चुका आपोआप गळतात. फक्त आरोपी म्हणून रात्रपाळीचा व्हॉल्व्ह उघडणारा कामगार उभा करू नका. निर्णय घेणारा संचालक उभा करा.

येत्या अधिवेशनात असे विधेयक आणावे. आणि १५ लाखांची मर्यादा ठरवताना कोणत्या नदीच्या नुकसानीचा हिशेब केला होता, तेही सभागृहात सांगावे.

आपला,
पंचगंगाकाठचा एक शेतकरी