राजाचे मन उडाले, एवढेच कारण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडमधील ट्यूडर राजघराण्याच्या काळावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयीचा लेख आवडला. मात्र राजा आठव्या हेन्रीचे मन दुसरीवर गेले म्हणून त्याची राणी अ‍ॅन बोलिनचा शिरच्छेद झाला, हे त्यातील विधान पटले नाही. या कादंबऱ्यांत प्रेमाची प्रकरणे वेगळी आणि कारस्थानाची वेगळी, अशी वाटणी बहुधा केलेली असते. प्रत्यक्षात १५३६ च्या वसंतात ग्रीनिचच्या राजवाड्यातील आपले दालन राजाचा मुख्य सचिव थॉमस क्रॉमवेल याने, राजाचे मन जिच्यावर गेले होते त्या जेन सीमोरच्या भावाला राहायला दिले, कारण तेथे राजाला कोणाच्या नजरेस न पडता जाता येई, आणि भाऊ-भावजयीच्या देखत भेट झाल्याने जेनच्या अब्रूलाही धक्का लागत नसे. राजाची प्रेमभेट घडवून आणणे हेच तेथे राजकारण होते.

क्रॉमवेलला अ‍ॅन का नकोशी झाली, हेही पाहायला हवे. बरखास्त होऊ घातलेल्या मठांचा पैसा कोठे जावा यावरून दोघांत बिनसले होते, आणि २ एप्रिलला तिच्या धर्मगुरूने राजाच्या प्रार्थनामंदिरात हामान या दुष्ट प्रधानाची बायबलमधील कथा सांगितली, तेव्हा रोख कोणावर आहे हे दरबारात कोणाला सांगावे लागले नसेल. जानेवारीत आधीची राणी कॅथरीन वारली होती. ती हयात असेतो अ‍ॅनला दूर करणे म्हणजे कॅथरीनला परत आणण्याची मागणी ओढवून घेणे, ही अडचणही आता उरली नव्हती. त्याच महिन्यात अ‍ॅनचा गर्भपात झाला. १७ मे रोजी तिच्या सख्ख्या भावासह पाच पुरुषांचा तिच्याशी व्यभिचार केल्याच्या आरोपाखाली शिरच्छेद झाला आणि त्याच दिवशी आर्चबिशप क्रॅन्मरने तिचा विवाह मुळातच अवैध ठरवला. विवाहच नव्हता तर व्यभिचार कसला, हा प्रश्न न विचारता १९ मे रोजी तिलाही मारण्यात आले. ३० मे रोजी हेन्रीने जेनशी लग्न केले.

यातला बराच तपशील पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचा इंग्लंडमधील राजदूत शापुई याच्या खलित्यांतून येतो, आणि तो तर अ‍ॅनला राणी न म्हणता रखेल म्हणे. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला अशी साक्ष कशी वाचावी हे सांगायला नको. आपल्या लेखात मात्र तिचा उल्लेखही नाही.

हेन्रीने अ‍ॅनला लिहिलेली 17 प्रेमपत्रे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. तिची उत्तरे उरलेली नाहीत. तिच्या मनात काय होते हे रंगवायला कादंबरीकाराला येथे पूर्ण मोकळीक आहे. पण आरोपपत्रातल्या कित्येक तारखांना ती त्या राजवाड्यात नव्हतीच, हे सिद्ध झालेले असताना तिच्या व्यभिचाराचे रंगेल प्रसंग लिहिणाऱ्यांना आपल्या समीक्षकांनी तीच सवलत देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे