काकांचा ट्रान्सफॉर्मर

देवरुख,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

दोन वर्षं ना पत्र, ना फोन, आणि आता लिहितोय तेही कबुली द्यायला. शिव्या शेवटी दे, आधी वाच. तब्येत बरी. गुडघा तसाच.

इन्व्हर्टर उडाला. मी बांधलेला. "तरी सांगत होतो" हे मीच लिहून टाकतो, तुला तेवढाही आनंद नको.

जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर सोडून त्या फेराइटवाल्या, म्हणजे भाजलेल्या चुंबकी पावडरीच्या कोअरच्या, हाय फ्रिक्वेन्सी इन्व्हर्टरच्या प्रेमात पडलो होतो रे. मुठीत मावणारा कोअर, 40 किलोहर्ट्झ, 24 व्होल्टचे आधी 380 व्होल्ट डीसी, मग ब्रिज, म्हणजे डीसीचं एसी करणारे चार स्विच, की झाले घरचे 230. अख्खा डबा तीन किलो. रिकामा चालताना दहा वॅट खायचा. लोखंडी असता तर पंचवीस तरी गिळले असते, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत पाव युनिट नुसतं गुणगुणण्यात. दोन 150 एएचच्या बॅटऱ्यांवर संसार असला की पाव युनिटही डोळ्यांत येतं.

ट्यूब, पंखे, मिक्सर, अगदी फ्रिजसुद्धा चालला. आठवडाभर मी घरात कॉलर ताठ करून फिरत होतो. परवा लाइट गेली आणि आईने सवयीने विहिरीच्या मोटरीचं बटण दाबलं. अर्ध्या एचपीची मोटर. चालू झाली की पाच-साडेपाचशे वॅट, आणि बोर्ड दीड हजार वॅटचा. पण उचलताना ती पाच-सहा पट ओढते, हे मला काय माहीत नव्हतं? पहिल्यांदा ट्रिप. दुसऱ्यांदा ट्रिप. तिसऱ्यांदा मी हट्टाने करंट लिमिट जरा वर सरकवली. फट्!

ब्रिजचे चारही मॉसफेट, तेच ते स्विच, गेले. एकाच्या पोटाला मुगाएवढं भोक, तिथून काळी रेघ थेट हीटसिंकपर्यंत. वर मी शहाणा, कॅपॅसिटर डिस्चार्ज न करताच स्क्रूड्रायव्हर घातला. त्याचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं झालंय. (आईला बोलू नकोस.) मोटर हळूहळू उचलणारा ड्राइव्ह लाव म्हणशील, तर ती सिंगल फेज कॅपॅसिटरची आहे, तिला तो चालत नाही, गप बस.

लोखंडी, लो फ्रिक्वेन्सीचा असता तर दोन सेकंद कण्हला असता आणि मोटर उचलली असती. काका म्हणायचेच, लोखंडाला राग उशिरा येतो.

आता कबुली. काकांनी मला गुंडाळून दिलेला तो ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे नाही. घराला रंग काढला तेव्हा भंगारवाल्याला दिला. तेरा किलो भरला. तांब्याचा भाव वेगळा, पत्र्यांचा वेगळा, हे त्याने मला समजावलं आणि मी मान डोलावली. तेव्हा काका होते. त्या गणपतीत त्यांनी विचारलं, "चालतोय ना रे?" मी हो म्हणालो.

इचलकरंजीच्या दुकानात लूमच्या मोटरींचा ढीग बाजूला सारून त्यांनी आपल्याला बसवलं होतं, आठवतंय? ते बॉबिन फिरवत होते आणि फेरे मोजायचं काम आपलं. तू मध्येच क्रिकेटचा स्कोअर विचारलास. 112 की 121 यावरून आपण हमरीतुमरीवर आलो. काका एक अक्षर बोलले नाहीत. सगळी तार उलगडली, पुन्हा शून्यापासून सुरुवात. दोन दिवस हातांना वॉर्निशचा वास येत होता.

त्यांची ती निळी वही तुझ्याकडेच ना? माझ्या नावाच्या पानावर कोअरचं माप, फेरे, तारेचं गेज असेल. फोटो पाठव. त्यांनी तो 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी बांधला होता. माझी 24 ची उतरून 21 वर येते आणि एसीचं शिखर त्याच्या आत राहायला हवं, म्हणून प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडची गुंडाळी, 14 व्होल्टची धरून नव्याने काढीन. सेकंडरी, घराकडची, मात्र त्यांचीच ठेवणार.

वहिनींना नमस्कार. चिमी बारावीला ना यंदा? चाकणच्या नोकरीचं काय ठरलं ते लिही.

तुझा,
सुध्या

ता.क. 121च होते.