नागीण आणि कानशिलाची धमनी

संपादक महोदय,

माझ्या थोरल्या बहिणीला (वय ७१, पंचवटी) गेल्या हिवाळ्यात कानशिलात ठणका लागला. फणी फिरवली तरी कळ, आणि भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून यायचा. दातांवर संशय घेऊन एक दाढ काढूनही झाली. शेवटी एका नेत्रतज्ज्ञांनी कानशिलाची धमनी चाचपली, त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं आणि मग धमनीचा तुकडा तपासायला पाठवला. निदान : जायंट सेल आर्टेरायटिस, धमनीच्या भिंतीचा दाह. पन्नाशीनंतरचा आजार, उशीर झाला तर डोळा जातो. ताईचा वाचला.

दोन वर्षांपूर्वी तिला नागीण झाली होती (विळखा पूर्ण होऊ नये म्हणून गेरूचा लेपही आम्ही लावला!). शेजारच्या काकूंनी निकाल दिला, नागीणच आत शिरली. मी हसलो. मग वाचायला बसलो आणि हसू ओसरलं.

कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं निजून राहतो. उठला की नागीण. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांना जायंट सेल आर्टेरायटिसच्या ८२ पैकी ६१ तुकड्यांत त्याच विषाणूच्या खुणा दिसल्या, निरोगी १३ पैकी एकाच तुकड्यात. पुढे इतरांनी शोधलं, तर अनेकांच्या हाती काही लागलं नाही. तपासणीत खुणा दाखवणारं प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) भलत्याच जागी चिकटत असावं, अशी शंका निघाली. आणि विषाणू सापडला तरी तो चोर की नुसता बघ्या, हे उरतंच. हिपॅटायटिस बीचा विषाणू आणि पॉलीआर्टेरायटिस नोडोसा (धमन्यांच्या दाहाचाच दुसरा एक आजार) यांचं नातं मात्र पक्कं ठरलेलं आहे, त्यामुळे काकूंची कल्पना अगदीच वेडी नाही.

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. आत विषाणू असेल तर? तरी पुराव्याआधी ताईला विषाणूविरोधी गोळ्या द्या, असा हट्ट मी धरणार नाही.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात. मेणाच्या ठोकळ्यांत जपलेले असे तुकडे राज्यभरातून जमवून त्यांत विषाणूचा डीएनए शोधणं, हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय का होऊ नये? आपल्या मराठी माणसांच्या धमन्यांत काय आहे, ते आपणच पाहावं. ताईचा ठोकळा प्रयोगशाळेत पडून आहे. संमतीपत्रावर सही करायला ती आजही तयार आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक